पुढचा दांडा

षड्रिपूंच्या नामावळीत मत्सर अखेरीस येतो, आणि माणसाच्या मनातही तो सर्वांच्या मागून, सोवळे नेसल्यासारखा शिरतो. परक्याच्या उत्कर्षाने माणूस फारसा पोळत नाही. ज्याच्या भल्यासाठी आपणच देवापुढे हात जोडले, त्याचे भले झाले म्हणजे खरी आग लागते; आणि ती कोणाला दाखवताही येत नाही.

सहदेवाने शेल्याचा दुसरा वेढा राजेंद्राच्या कमरेभोवती घेतला आणि गाठ मारली.

"सैल हाय दादा. अजून आवळ."

"किती आवळू? हाडं लागतायत हाताला."

सोमजाईच्या देवळापुढे जमलेली माणसे हसली. राजेंद्रही हसला. गेल्या शिमग्यात हाच शेला त्याला बांधायचा म्हटला असता, तर त्याची टोके एकमेकांना भेटली नसती.

उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत रीत अशी, की पालखीच्या पुढच्या दांड्याचा भोई बदलला, तर नव्याच्या कमरेला शेला जुन्याने आपल्या हाताने बांधायचा. पालखी लहान; पुढे एक भोई, मागे एक. वडील गेल्यापासून पुढचा दांडा सहदेवाच्या खांद्यावर होता. पण मधल्या काळात त्याचे पोट सुटले, साखर जडली, आणि गेल्या वर्षी सहाणेकडे, म्हणजे पालखी टेकवायच्या दगडी चौथऱ्याकडे, जाणाऱ्या चढणीवर तो दोनदा धापा टाकत थांबला. भागोजी गुरवाने ते तेव्हा पाहून ठेवले. यंदा मात्र देवळात बैठक बसली तेव्हा त्याने विडा राजेंद्रापुढे ठेवला.

"सहदेवा, तू मागं उभा राहा. मागं पण आईच असते."

सहदेवाने मान डोलावली होती. पुढे सुपारी मात्र त्याच्या दातांखाली बराच वेळ तशीच राहिली.

राजेंद्र त्याचा चुलतभाऊ, मुंबईला कंपनीत कामाला. लहानपणापासून अंगाने असा, की पोरे त्याला ढोल म्हणून हाक मारीत. दिवाळीला तो गावी आला तेव्हा अंगणात उभा असलेला माणूस कोण हे सहदेवाला क्षणभर ओळखूच आले नाही. पोटात टोचायचे इंजेक्शन निघाले आहे, आठवड्यातून एकदा घेतले की झाले, एवढेच राजेंद्राने सांगितले. त्याच आठवड्यात सहदेव बायकोखेरीज कोणाला न कळवता महाडला डॉक्टरांकडे जाऊन बसला. डॉक्टरांनी त्याला तपासले, जुने आजार विचारले, आणि मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमच्या स्वादुपिंडाला मागे सूज आली होती. हे औषध तुमच्यासाठी नाही, काका."

सहदेव उठेना, तेव्हा ते समजुतीच्या सुरात आणखी बोलले. ज्यांना हे औषध चालते त्यांनाही ते सांभाळूनच घ्यावे लागते. त्यातून साखरेची गोळी चालू असेल तर उपाशी राहायचे नाही, पाणी तोडायचे नाही. भूक लागत नाही म्हणून माणूस फसतो, आणि उभ्याउभ्या कोसळतो. सहदेवाने ते सारे ऐकून घेतले होते. जे आपल्या उपयोगाचे नाही ते कधीकधी माणसाच्या पक्के ध्यानात राहते.

गाठ बसली. राजेंद्राने आवाज उतरवला.

"दादा, एक इचारू? तू महाडला गेलतास म्हणे, ह्याच इंजेक्शनसाठी. सुंदरावैनी बोलली. डॉक्टर उपासाचं काय बोल्ला होता का रे? मी आपला कंपनीतल्या दोस्ताकडून घेतो, डॉक्टर-बिक्टर काय नाय. आताच डोस वाढवलाय, वर शुगरची गोळी चालूच हाय. आणि काल रात्रीपासून पोटात पाणी नाय."

पालखी सहाणेवर टेकेपर्यंत भोयांनी अन्नपाणी घ्यायचे नसते. सहदेवाने शेल्याची लोंबती टोके हातात घेतली, सरळ केली, पुन्हा सरळ केली.

"नाय," तो म्हणाला. "उपासाचं काय नाय बोल्ला."

"मग टेन्शन नाय." राजेंद्राने वाकून त्याच्या पायांना हात लावला.

ढोल वाजू लागले. पालखी उठली. सोमजाईचे चांदीचे रूप, म्हणजे मुखवटा, गुलालात न्हाले, आणि वाडीतल्या पहिल्या घरापासून आरत्या सुरू झाल्या. मागच्या दांड्यावरून सहदेवाला पुढचे फारसे काही दिसत नव्हते. पालखीचे गोंडे, आणि त्यांच्या पलीकडे राजेंद्राची पाठ. ऐकू मात्र सगळे येत होते.

"काय रे राजा, बायकोनं उपाशी ठेवलंन काय तुला?" म्हातारी गोदूबाई ओवाळता ओवाळता म्हणाली.

"वय उतरलं गो आजी, वय!"

"मग मला पण आण तसली सुई मुंबईवरनं. मी पण नाचते पालखीपुढं."

"तुला सुई लावायला जागा तरी हाय काय गो?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. राजेंद्राने दांडा खांद्यावरून डोक्यावर घेतला आणि एक गिरकी मारली. दांड्यामागून सहदेवालाही फिरावे लागले. पाच-पंचवीस घरांच्या त्या वाडीत इतकी वर्षे पालखी फिरली, पण आपण कोणाच्या तालावर फिरतो आहोत हे त्याला प्रथमच जाणवले.

मग त्याचे स्वतःचे घर आले. पालखी दारात आली की घरच्या सुवासिनीने पुढच्या भोयाच्या पायांवर पाणी घालायचे, ते हाताने धुवायचे, कुंकू लावायचे. सुंदराबाई कळशी घेऊन उंबऱ्याबाहेर आली. तिची नजर सवयीने आधी पुढे गेली, तिथून मागे नवऱ्याकडे आली, आणि मग ती राजेंद्राच्या पायांशी बसली. सहदेवाने नजर वळवून पेंढ्याच्या उडवीकडे पाहिले.

"भावजी, बरं वाटतंय ना? पाय गार पडलेत तुमचे."

"पाणी गार हाय वैनी तुमचं."

"पाणी उन्हातलं हाय," सुंदराबाई म्हणाली. ती उठली, आणि या खेपेस नवऱ्याकडे तिने जरा रोखून पाहिले. सहदेवाने पालखी उठवण्याची घाई केली.

सहाणेची चढण वाडी संपते तिथून सुरू होते. तांबडी माती, मध्ये उघडे पडलेले कातळ, एका बाजूला खोल घळ. डोक्यावर फाल्गुनातले ऊन. चढणीला लागताच सगळा भार मागच्या दांड्यावर येतो, आणि मागचा माणूस खाली असल्यामुळे त्याचे डोळे पुढच्याच्या पायांवर असतात. सहदेवाला राजेंद्राच्या पोटऱ्या दिसत होत्या. एके काळी खांबासारख्या असलेल्या त्या पोटऱ्यांवरची कातडी आता सैल लोंबत होती, आणि तिच्या आत काहीतरी थरथरत होते.

त्याने दृष्टी वर नेली. मानेवरून घाम वाहत होता. भोवतालच्या माणसांच्या घामाला गुलालाचा रंग चढला होता. राजेंद्राचा घाम गुलाल धुऊन काढत होता.

सहदेवाच्या मनात एक विचार आला, आणि आला तो अगदी शांतपणे आला: हा इथे बसला, तर पुढल्या वर्षी विडा पुन्हा आपल्यापुढे येईल. सगळे म्हणतील, सुईने बारीक झालेल्या माणसाचे काय खरे? आपण काहीच करायचे नाही. पाऊल टाकायचे, आणखी एक टाकायचे.

त्याने एक पाऊल टाकले.

राजेंद्राचा डावा पाय कातळावरून घसरला, सावरला. ढोलकऱ्यांना वाटले तो नाचतोय. त्यांनी हात वाढवला. पालखीतले चांदीचे रूप घळीच्या बाजूला कलले आणि परत आले. गोंड्यांतून सहदेवाला त्या रूपाचे डोळे दिसले. लहानपणी याच चढणीवर गुलालाची परात डोक्यावर घेऊन त्याच्या मागे मागे धावणारे एक लठ्ठ पोर त्याला आठवले असेल; किंवा काही आठवलेही नसेल. त्याने दोन्ही टाचा मातीत रोवल्या, दांडा छातीशी ओढून धरला आणि सगळ्या अंगाच्या वजनाने पालखी मागे थोपवली.

"जड झाली!" तो ओरडला. "पालखी जड झाली!"

ढोल थांबले. वाडीत असे मानतात, की भोयाच्या मनात काही अडले असेल तर आई पुढे जात नाही. ज्याच्या बाजूने पालखी जड होते त्याने ते देवीपुढे बोलून मोकळे व्हायचे आणि दांडा सोडायचा. तो दांडा मग त्याच्याकडे परत येत नाही. म्हणून कोणीही भोई हे शब्द सहसा उच्चारत नसे. सहदेवाच्या वडिलांनी उभ्या जन्मात ते उच्चारले नव्हते.

माणसे धावली. पालखीखाली टेकू लागले. दांडा खांद्यावरून उतरताच राजेंद्र होता तिथेच गुडघ्यांवर बसला; पण सगळ्यांचे डोळे मागे सहदेवाकडे वळलेले होते, आणि ज्याने पाहिले त्याला तो नमस्काराला बसला असेच वाटले.

भागोजी गुरव पुढे आला.

"कुणाच्या बाजूनं?"

"माझ्या. पण आधी त्याला गूळपाणी द्या. मग काय ते इचारा."

"आई सहाणेवर टेकल्याबिगर पाणी कसं द्यायचं रे?"

"आईच मागतेय ते," सहदेव म्हणाला. "सकाळी यानं मला इचारलं, उपास चालंल काय. महाडच्या डॉक्टरनं मला सांगितलेलं, ही सुई आणि साखरेची गोळी घेणाऱ्यानं उपाशी राहायचं नाय. मला सगळं ठाऊक होतं. मी नाय सांगितलं."

घळीतून वारा आला आणि पालखीवरचा पदर हलला. भागोजीने क्षणभर सहदेवाच्या तोंडाकडे पाहिले, मग देवीच्या रूपाकडे. आणि नैवेद्याच्या टोपलीतला गुळाचा खडा त्याने स्वतःच्या हाताने राजेंद्राच्या तोंडात घातला. कोणीतरी तांब्या पुढे केला.

"दोघांचे पण दांडे उतरवा," तो इतरांना म्हणाला. "पांडू पुढं ये. जितेश, तू मागं."

ढोल पुन्हा सुरू झाले. आधी दबकत, मग नेहमीसारखे. पालखी वळणाआड गेली. तिच्यामागून जाणाऱ्या बायकांतली सुंदराबाई नवऱ्यापाशी थांबली, त्याच्या खांद्यावर उठलेला दांड्याचा वळ तिने एकवार पाहिला, आणि पुढे निघून गेली.

हिरड्याच्या सावलीत दोघे भाऊ उरले. राजेंद्राच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येत होता. तांब्यातले उरलेले पाणी त्याने घोट घोट घेतले.

"चवच लागत नाय दादा कशाची," तो म्हणाला. "गूळ खाल्ला तर माती खाल्ल्यासारखं. घरी बायको मटण करते, पोरं ताटावर तुटून पडतात. मी आपला बसतो बघत. कधीकधी नुसती ओकारी. लोक बोलतात, काय झ्याक दिसतोस. भूक कशी असते तेच विसरलोय."

"मग घेतोस कशाला?"

राजेंद्राने दूर वळणाकडे पाहिले. गुलालाचा ढग तिथे अजून उतरला नव्हता.

"शुगरसाठी घेतो असं सगळ्यांना सांगतो मी. लहानपणापासून परात घेऊन तुझ्या मागनं चाललो रे. तुझी पाठ बघत. वाटायचं, एकदा तरी पुढनं आई कशी नेतात ते बघायचं."

सहदेव खालमानेने म्हणाला,

"मी सांगायला पायजे होतं."

"तू सांगितलं असतंस ना, तरी मी ऐकलं नसतं."

हे खरे होते, की भावाच्या मनावरचा भार उतरावा म्हणून बोललेले होते, हे सहदेवाला कळले नाही. आणि त्याने विचारलेही नाही. त्याने हात पुढे केला. राजेंद्र त्याला धरून उठला, झोकांडला, आणि सहदेवाने त्याला आपल्या रुंद अंगाशी टेकवून घेतले. दोघे चढण चढू लागले. सहाणेवर पालखी टेकल्याचा गजर वरून ऐकू आला तेव्हा ते अर्ध्या वाटेत होते, आणि कोणाच्याच खांद्यावर काही नव्हते.

सोमजाई त्यांचे कल्याण करो. एकाची भूक त्याला परत मिळो, दुसऱ्याची निवो. आणि दोघांच्या घरची ताटे एका पंगतीत मांडली जावोत.