बायबलचं पान

"श्वास कशाला रोखताय, साळवे? स्कॅनर आहे, एक्स-रे नाही," मयुरा म्हणाली.

अविनाश साळवेने झाकण टेकवलं. काचेवर जाळी पडलेलं पिंपळाचं पान होतं. अठ्ठ्याहत्तर साली तो अहमदनगरहून दिल्लीला निघाला, तेव्हा आईने ते त्याच्या बायबलमध्ये ठेवून दिलं होतं. आई जाऊन चार वर्षं झाली होती.

उजेडाची पट्टी सरकून गेली आणि पडद्यावर शीर न् शीर उमटली. पान उचलायला गेला तर ते काचेला चिकटलेलं. देठ हातात आला, बाकीचा भुगा झाला.

"अरे यार," मयुरा म्हणाली. "पण स्कॅन आलाय ना?"

"आलाय, मॅडम." त्याने भुगा पाकिटात भरला.

छापखाना दर्यागंजमधून नोएडाला येऊन वर्ष झालं होतं. एकोणीस वर्षं अविनाशने कटर आणि रबर सोल्युशन घेऊन मजकूर चिकटवला होता. नोएडात पेस्टिंगचं टेबलच आलं नाही. सहा कॉम्प्युटर आले आणि डिझाइन विभागाची प्रमुख म्हणून पुण्याची मयुरा आली, त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. मालकांनी अविनाशला स्वच्छ सांगितलं होतं की कॉम्प्युटरवर एक तरी काम करून गिऱ्हाइकाकडून पास करून दाखव, नाहीतर दिवाळीनंतर येऊ नकोस.

त्याच्या वाट्याला एका चर्चचं कॅलेंडर आलं. मागच्या मोकळ्या प्लॉटवरच्या किकराची, म्हणजे बाभळीची, साल त्याने स्कॅन केली आणि त्या भेगाळलेल्या सालीतून क्रूस कापला. समोरच्या बांधकामावरची वाळू चाळून आणली, तिची पार्श्वभूमी केली. क्रुसावर, वेगळ्या लेअरमध्ये म्हणजे वेगळ्या थरात, पिंपळाची जाळी पसरली. साल जाळीतून दिसत राहिली. चार दिवस लागले. मयुराने खुर्ची मागे घेऊन पाहिलं आणि बराच वेळ एकही चूक काढली नाही.

चर्च कमिटीचे सेक्रेटरी मसीहसाहेब दुसऱ्या दिवशी अकराला आले. "छाल है, अच्छा. और ऊपर यह जाली?"

अविनाश घाबरला की त्याची हिंदी मराठीवर जायची. "जी, वो बाइबल का पान है."

"पान?" मसीहसाहेब हसले. "साल्वे जी, बाइबल में पान किसने खाया?"

"पत्ता, सर, पत्ता," मयुरा मध्ये पडली. "इनकी माँ ने बाइबल में रखा था."

"माँ ने रखा, सिर-आँखों पर. पर है तो पीपल. क्रूस पर पीपल देखकर लोग पूछेंगे, मैं किस-किस को समझाऊँ? खजूर लगा दीजिए, शाम को पास कर दूँगा."

गावी चर्चच्या आवारात पिंपळ होता आणि त्याच्या पारावर रविवारची शाळा भरायची, हे अविनाशला सांगायचं होतं. पारासाठी हिंदी शब्द त्याला वेळेवर आठवला नाही.

शेजारच्या कंपनीच्या फाटकाशी कुंड्यांमध्ये शोभेचे पाम होते. वॉचमनला विचारून त्याने एक झावळी कापून आणली. चारपर्यंत ती क्रुसावर बसली होती. मसीहसाहेबांनी "अब ठीक है" म्हणून प्रूफवर सही केली.

"साळवे, फाइल छपाईला न्यायच्या कार्ट्रिजवर मावत नाहीये," मयुरा म्हणाली. "तो पिंपळाचा लेअर बंदच आहे ना? उडवा."

"इथे डिस्कवर राहील का?"

"डिस्क भरलीये. टाइल्सवाल्यांचं आजच सुरू करायचंय." तिने खण उघडला. "छोटा करून फ्लॉपीवर देऊ का?"

"घरी कॉम्प्युटर कुठे आहे, मॅडम."

"मग मी उडवू?"

"नको. काम माझं आहे."

त्याने लेअर ओढून पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्यावर नेला आणि सोडला. एकोणीस वर्षं जॉब कार्डावरच्या पेस्टिंगच्या रकान्यात त्याचं नाव असे. आज 'डिझाइन'समोर त्याने अ. य. साळवे असं लिहिलं, तारीख घातली.

टाइल्सवाल्यांनी संगमरवराचा नमुना पाठवला होता. तो इतका जाड होता की स्कॅनरचं झाकण लागेना. अविनाशने झाकण उघडंच ठेवलं, पडदे ओढले, दिवे बंद केले आणि बटण दाबलं. काचेखालून उजेड निघाला आणि दगडाखालून सावकाश पलीकडे गेला.