मधला सिग्नल

“अगंबाई, विहीणबाईंची गाडी पुन्हा माझ्यासाठी थांबली!” लेकीची सासू हसत म्हणाली.

टेलरबाईंनीही हसून घेतलं. लेकीच्या सासरी चार दिवस राहायला आलेल्या आईने तोंड वाकडं करू नये. पण जेवणं आटोपली की सासू-सून कॉम्प्युटरपुढे खुर्च्या ओढून बसत. रूळ टाकायचे, गाड्या सोडायच्या. खेळच तो. पण लग्नाआधी हीच लेक त्यांच्या शिलाई मशीनपाशी बसून बटणं लावता लावता दिवसभराचं सगळं सांगायची. आता ते सगळं तिकडे.

“मलाही शिकव की,” त्याच म्हणाल्या होत्या. लेकीने त्यांना गावाबाहेरचा एक छोटा फाटा दिला. पण शहराकडे जायला रूळ एकच, आणि त्यावरून सासूबाईंच्या कोळशाच्या गाड्या बंदरातून बाहेर यायच्या. पुढचा रूळ मोकळा झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नसे. दर वेळी टेलरबाईंची दोन डब्यांची गाडीच ताटकळायची.

आज लेक चहा टाकायला उठली, सासूबाईंना फोन आला. टेलरबाईंनी हळूच त्या एकेरी रुळाच्या मधोमध एक सिग्नल रोवला. सिग्नलच्या हिशेबी रुळाचे दोन तुकडे झाले; आता जवळचा तुकडा मोकळा असला तरी गाडी सुटणार होती. निदान अर्ध्यापर्यंत तरी आपली गाडी पुढे! ती सुटली तेव्हा त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

तेवढ्यात समोरच्या तुकड्यात कोळशाची गाडी शिरली. दोन्ही इंजिनं नाकाला नाक लावून उभी राहिली. बंदरापर्यंत सगळं तुंबलं.

“हा मधेच सिग्नल कुणी लावला?” लेक चहा घेऊन आली होती.

टेलरबाईंचे कान तापले. “मीच गं. मला वाटलं...”

“अगं आई, एकेरी रुळावर असं करतात का? आता कुणीतरी मागे हटल्याशिवाय सुटायचं नाही.”

“त्यात काय एवढं? माझी घेते मागे. रिकामीच आहे,” फोन ठेवत सासूबाई म्हणाल्या.

कोळशाची गाडी मागे सरकू लागली तसे टेलरबाईंना तिचे डबे दिसले. काठोकाठ भरलेले.

“थांबा हो,” त्यांनी माउस जवळ ओढला. “आधी तुमची जाऊ दे.”

आपली गाडी त्यांनी फाट्यावर मागे नेली, मधला सिग्नल काढून टाकला. कोळशाची गाडी धडधडत निघाली. सासूच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून लेक वाकून पाहत होती. त्या दोघींना नीट दिसावं म्हणून टेलरबाईंनी आपली खुर्ची जरा मागे घेतली.

फाट्यावर त्यांचं छोटं इंजिन लाल दिव्यापुढे धूर सोडत उभं होतं.