फिल्मवरचा ओरखडा

सभागृहातल्या खुर्च्या भरल्या, मग जिने भरले, मग खिडक्यांच्या कट्ट्यांवरही माणसं बसली. सगळ्यांच्या माना पडद्याकडे. पडद्यावर भिंतभर मेंदू, आणि त्यात लाल रंग पसरत चाललेला. खाली खुर्चीत आमचा किराणावाला बसला होता, डोक्यावर वायरींचं हेल्मेट, हात मांडीवर घट्ट.

"राग आठवा," डोकेवाले सर म्हणाले.

किराणावाल्याने डोळे मिटले. लाल रंग भडकला. सभागृहभर कुजबुज उठली.

डोकेवाले सर हे नाव लोकांनीच दिलेलं. पांढरा कोट, कानाला माइक आणि तोंडात असे शब्द की ऐकणाऱ्याला आपल्या अडाणीपणाची लाज वाटावी. "न्यूरो-क्वांटम कंपनं" हे तो दर दोन वाक्यांमागे एकदा म्हणायचा. मी ते शब्द कोशात शोधले. सुटे सुटे सापडले, एकत्र कुठेच नाहीत.

"आता ही रेघ पाहा," लेसरचा ठिपका एका बारीक पांढऱ्या रेघेवर नेत तो म्हणाला. "हा जुना घाव. लहानपणी अगदी जवळच्या माणसाने दिलेला. तो भरल्याशिवाय तुमचा राग जाणार नाही."

किराणावाला रडायला लागला. मागे कोणीतरी हात जोडले. माझं डोकं मात्र तापलं होतं, कारण हीच रेघ त्याने माझ्या धाकट्या बहिणीच्या डोक्यातही काढून दाखवली होती.

बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे. रोज एक गोळी, महिन्यातून एकदा डॉक्टरबाईंकडे फेरी, एवढ्यावर ती सहा वर्षं शाळेत चित्रकला शिकवत होती. पोरं तिच्यावर जीव टाकत. या माणसाने आईला सांगितलं की गोळ्या मेंदूला झोपवतात आणि झोपलेल्या मेंदूत घाव भरत नाही. आईने गोळ्या बंद केल्या. मला कळलं तेव्हा बारा दिवस उलटले होते, आणि बहीण भिंतीला कान लावून बसायला लागली होती. "शेजारी माझ्याबद्दलच बोलतायत," ती म्हणायची. आईच्या हातचं ताट तर ती ढकलूनच द्यायची. जवळचं माणूस म्हणजे कोण, हे तिने आपलं ठरवून टाकलं होतं.

त्याहून वाईट म्हणजे आईनेही तेच ठरवलं होतं.

"मी तिला एकदा कोंडलं होतं रे," आई म्हणाली. "सात वर्षांची होती. दुपारभर खोलीत कोंडलं. विसरून गेले होते बघ मी."

"आई, त्याने असं काही होत नाही."

"तुला काय कळतंय? पडद्यावर दिसलं ना आम्हाला."

मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरतो, त्यामुळे स्वभाव गोड राहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी सरने मेंदूचं चित्र छापून दिलेला बहिणीचा रिपोर्ट घेतला, किराणावाल्याकडून त्याचा मागून आणला आणि कामावर गेलो. आमच्याकडे खालून दिवा असलेलं काचेचं टेबल आहे. रंग नीट जुळतात का ते बघायला त्यावर छपाईची एक पारदर्शक फिल्म दुसरीवर ठेवतात. मी दोन्ही रिपोर्ट तसेच ठेवले. रंग वेगळे होते, एकीचा जांभळा, दुसऱ्याचा लाल. बाकी मेंदूच्या वळीवर वळी बसली. रेघेवर रेघ बसली.

आणि ती रेघ माझ्या ओळखीची होती.

बारा वर्षांपूर्वी आम्ही डॉक्टरांसाठी एक डायरी छापली होती. मुखपृष्ठावर मेंदू. फिल्मवर ओरखडा पडला होता, तो मला दिसला नाही, मी प्रूफवर सही केली आणि दोन हजार प्रती पांढऱ्या रेघेसकट बाहेर पडल्या. मालक महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते. आता मी रेघ दाखवल्यावर त्यांनीच कपाटातून जुनी प्रत शोधून आणली आणि काचेवर ठेवली.

"तुझीच आहे ही," मालक म्हणाले. एवढ्या वर्षांत त्या चुकीबद्दल ते पहिल्यांदाच खुश दिसले.

तिथून मी थेट डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी आधी गोळ्यांबद्दल मला चांगलंच फैलावर घेतलं, आणि बहिणीला लगेच आणायला सांगितलं. ती यायला तयारच नाही, असं मी सांगितलं. मग बाईंनी कागद पाहिले.

"प्रत्येकाच्या मेंदूच्या वळ्या वेगळ्या असतात," त्या म्हणाल्या. "जुळ्या भावंडांच्यासुद्धा. दोघांच्या अशा तंतोतंत जुळल्या, तर निदान एकाचा मेंदू या कागदावर नाहीच."

"मग पेपरात येतं ते सगळं संशोधन खोटं?"

"ते कशाला खोटं असेल? शेकडो आजारी आणि शेकडो निरोगी माणसांची चित्रं तपासली की सरासरीत बारीक फरक सापडतात. त्यातून आजार हळूहळू समजतो. गाठ असेल, मार असेल तर तोही चित्रात दिसतो. पण नुसतं एकाचं चित्र बघून याला स्किझोफ्रेनिया आहे, त्याला नाही, असं आज कोणालाही सांगता येत नाही. येत असतं तर मी पेशंटशी तासन् तास बोलत कशाला बसले असते?"

रविवारी सकाळी आम्ही सभागृहात गेलो. बहीण एकाच अटीवर आली, आईपासून लांब दाराशी बसायचं. बाई तिच्या शेजारी बसल्या. गोळ्या बंद होऊन तो अठरावा दिवस होता.

पांढरी रेघ पडद्यावर आली तसा मी उठलो. "ज्यांच्याकडे रिपोर्ट आहेत त्यांनी शेजाऱ्याच्या रिपोर्टवर आपला ठेवा आणि खिडकीशी उजेडात धरा."

आधी कोणी हललं नाही. मग किराणावाला उठला, मागून एक शिक्षिका, मग खिडक्यांशी गर्दी झाली. कागदावर कागद चढले. "अहो, माझा आणि यांचा एकच आहे की," असे आवाज यायला लागले.

सर जराही डगमगला नाही. "असणारच," तो म्हणाला. "माणसं वेगळी, पण दुःख एकच असतं."

खरं सांगतो, या वाक्यावर टाळ्या पडल्या.

मी डायरी वर धरली. "हे दुःख आमच्या छापखान्यात छापलंय. याने मेंदू या मुखपृष्ठावरून उचललाय. ओरखडा फिल्मवरचा आहे आणि चूक माझी आहे." डायरी हातोहात फिरली. तेवढ्यात डॉक्टरबाई मंचावर चढल्या, त्यांनी हेल्मेट उचलून रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर अडकवलं आणि मला कॉम्प्युटरकडे जायची खूण केली. प्रवेशाशी सरने बसवलेली एक मुलगी प्रत्येकाला "त्रास काय?" विचारून अर्जात लिहायची, आणि अर्ज इथे कॉम्प्युटरशी यायचे. कळांवर चिठ्ठ्याच चिकटवलेल्या होत्या: राग, भीती, आवाज ऐकू येणं. मी राग दाबला. पडदा लालभडक झाला. खुर्ची संतापली होती.

आता टाळ्या पडल्या नाहीत. "माझ्या वडिलांशी बोलणं टाकलं मी याच्यापायी," किराणावाला म्हणाला आणि कोणाकडे न बघता निघून गेला. सरने कोट काढून हातावर घेतला होता, पण मागच्या दाराशी मालक उभे होते. पुढचं पोलिसांनी पाहिलं.

आई जागची हलली नव्हती. "म्हणजे मी नाही ना केलं?" तिने बाईंना विचारलं.

"नाही. एका दुपारी कोंडल्याने हा आजार होत नाही."

बहिणीने डायरी घेतली आणि रेघेवरून नख फिरवलं. "ही तुझी चूक?" तिने मला विचारलं.

"माझी."

"मग मी आईशी का बोलत नव्हते?"

बाईंनी त्याच दिवशी औषध पुन्हा सुरू केलं. आवाज थांबून ती शाळेत परत जायला दोन महिने लागले.

म्हणून सांगतो. यंत्र आहे, रंग आहेत, इंग्रजी शब्द आहेत, एवढ्यावरून विज्ञान होत नाही. कोणी तुमच्या डोक्याचं चित्र हातात दिलं, तर शेजाऱ्याचं मागून घ्या आणि दोन्ही उजेडात धरा. हेल्मेट खुर्चीला घालून बघा. गोळी बंद करायची असेल तर ज्या डॉक्टरांनी लिहून दिली त्यांना विचारा, मंचावरच्या माणसाला नको. जो तपासू देत नसेल तो माणूस खोटा आहे, असं खुशाल समजा.

आई अजूनही मधूनच विचारते, "खात्री आहे ना, मी नाही?" मी दर वेळी हातातलं काम बाजूला ठेवतो आणि नाही म्हणतो.