परत न आलेली हाक

मी डबा बोलतोय. जन्मनाव टाइम डोमेन रिफ्लेक्टोमीटर. पण शिरूरच्या टेलिफोन ऑफिसात एवढं नाव घेण्यापेक्षा चहा मागवणं सोपं होतं. म्हणून डबा.

बंद पडलेल्या केबलमध्ये मी विजेची एक हाक सोडतो. तार जिथं तुटली असेल तिथं आपटून ती परत येते. जाऊन यायला किती वेळ लागला, त्यावरून मी अंतर सांगतो. तार धड असेल आणि पलीकडं फोन जोडलेला असेल, तर हाक तिकडंच मुरते. थोडक्यात, मला जन्मभर उत्तरं दिली ती तुटलेल्यांनीच.

सत्त्याण्णव साली तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारपेठेतली केबल बंद पडली. टोकाला सरूबाईंचं घर. त्यांची लेक राजश्री मस्कतला नर्स होती, दिवस भरलेले. बातमी आज-उद्या यायची, आणि फोन मुका.

केबल जोडणारे पोपटराव मला घेऊन आले. मी अंतर दाखवलं. त्यांनी टेप धरून रस्ता मोजला आणि रसवंतीसमोर खड्डा घेतला. केबल निघाली ती ठणठणीत. लोक जमलेच.

"पोपटराव, पानी लागलं का?" रसवंतीवाला ओरडला.

"डबा येडा झालाय," पोपटराव म्हणाले. सरकारी खात्यात चूक नेहमी खालच्याची असते, आणि माझ्याखाली कोणीच नव्हतं.

सरूबाई चहाची किटली घेऊन खड्ड्याच्या काठावर बसल्या होत्या. "दादा, त्याला शिव्या नगा देऊ. हुडका तेवढं. पोरीपाशी तिकडं कुनी न्हाई वो."

चहा पिता पिता पोपटराव थबकले. "आयला! वडाखालच्या जोडापाशी मीच वेटोळं सोडलंय की!"

पुढंमागं जोड नव्यानं द्यावा लागला तर केबल पुरावी, म्हणून तिचं वेटोळं पुरून ठेवायची या लोकांची पद्धत. मी केबल मोजली होती. ते रस्ता मोजत बसले होते. वेटोळ्याइतकं मागं येऊन खणलं, तर नळवाल्यांच्या पहारीनं तोडलेली तार समोर.

जोड दिला. पोपटरावांनी तारेला लावलेले माझे चिमटे सोडवले. रीतच तशी, मी तारेवर असेपर्यंत फोन चालू करत नाहीत. जरा वेळानं सरूबाईंच्या घरात घंटी वाजली. किटली तिथंच टाकून त्या धावल्या. माझं झाकण बंद झालं, जीप निघाली. फोनवर काय बातमी आली, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आता फोन लोकांच्या खिशात गेलाय. पोपटराव रिटायर झाले. मी स्टोअरमध्ये, पातं मोडलेल्या पंख्यामागं पडून आहे. बॅटरी केव्हाच उतरली.

कोणी ती भरलीच, तर मला एकदा सरूबाईंच्या तारेला लावा. ती तार आता कुठंतरी तुटलेलीच असणार, हाक परत येणार, हे मला ठाऊक आहे. तरी लावा. चुकून ती परत आली नाहीच, तर मी समजेन, पलीकडं अजून कुणीतरी फोनपाशी बसलंय.