तांबड्या भुकटीची वही

"काका, बोअरमधून निघणारी ही भुकटी तुमी कधी चाखून बघितली का?"

पैज स्वप्नालीने लावली होती, आणि पैजेला मागं हटेल ती अंजू कसली! गेल्या साली शेजारच्या सुंदररावांच्या रानात बोअरची मशीन धडधडत होती. मैत्रिणी बांधामागे तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या.

बोअरवाले बद्रीनाथकाका मात्र हसले नाहीत. "चाखत न्हाई बाई, चोळून बघतो. काळी आली की कडक पाषाण. तांबडी आली की दोन खडकांचा सांधा. पाणी असलं तर त्याच्याच खाली असतंय."

झालं! अंजूने त्याच दिवशी वही काढली. दर दहा फुटाला चिमूटभर भुकटी, वर सेलोटेप, शेजारी आकडा. तांबडी दोनशे दहाला, पाणी दोनशे तीसला.

आज मशीन अंजूच्याच रानात उभी होती, सुकत चाललेल्या मोसंबीच्या बागेत. पाणी लागलं नाही तर बाग मोडायची, हे अण्णांचं, तिच्या वडिलांचं, ठरलेलं. दोनशे चाळीस फूट झाले, तरी नुसता काळा धुरळा.

अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. "सुंदररावाला दोनशे तीसला लागलं. आपल्या रानात न्हाईच. बंद करा मशीन."

"अण्णा, थांबा!" अंजू वही घेऊन धावली. "तुमी फूट मोजता आपापल्या जमिनीपासून. पण सुंदरतात्याचं रान खाली हाय, आपलं वर! गवंडी पातळी बघायला वापरतो त्या पाण्याच्या नळीनं मी उंची मोजलीय, बांधामागून बांध. दुसरं टोक स्वप्नालीनं धरलंतं, विचारा तिला. आपण चाळीस फूट वर हाव, आन् तांबडा थर तर खाली सपाटच पसरलेला. तांबडी दोनशे पन्नासला येईल, पाणी दोनशे सत्तरला!"

"लई शानी झाली का गं?" अण्णा गुरकावले.

बद्रीनाथकाकांनी वही उलटसुलट बघितली. "शानीच हाय, सोमेश्वरराव," ते अण्णांना म्हणाले. "हे माझ्या ध्यानात आलं न्हाई."

"टाका अजून वीस-वीस फुटांचे दोन रॉड," आईच बोलली. अण्णांनी टॉवेल परत खांद्यावर टाकला.

रॉड खाली गेला. अंजूने भोकाजवळ चाळणी धरली. काळी... काळी... आणि दोनशे पन्नासला भुकटी अशी तांबडी झाली, जणू कुणी कुंकवाचा करंडा सांडला! अंजूने मूठ भरून अण्णांच्या तळहातावर ओतली. अण्णा ती चोळत राहिले, कितीतरी वेळ.

दुसरा रॉड अर्ध्यावर गेला, आवाज बदलला, आणि पाण्याचा लोट मशीनच्या डोक्यावर गेला. स्वप्नाली किंचाळली, आईने पदर डोळ्याला लावला, अण्णा चिखलात लहान पोरासारखे उभे!

नखशिखांत लाल झालेल्या अंजूने वही पोटाशी धरली.

"अण्णा, आई, ऐका. दहावी झाली की मी सायन्स घेणार, आन् पुढं भूगर्भशास्त्र शिकणार. विचारत न्हाई, सांगतेय!"