‘झटपट’ हे नाव की जाहिरात

नोटीस आली तेव्हा लेक आणि मी दोघी दुकानातच होतो. दुकान घड्याळदुरुस्तीचं, रुंदीला एवढंच की दोघी एकदम वळलो तर एकीचं कोपर काचेला लागतं. वर पाटी: ‘झटपट घड्याळ दुरुस्ती’.

शहरात पाट्यांचा नवा नियम आला होता. पाटीवर मालकाचं नाव आणि धंदा एवढंच असेल तर तो नामफलक, राहू द्या. ‘उत्तम’, ‘स्वस्त’, ‘खात्रीशीर’ असलं काही असेल तर ती जाहिरात, पुसा. आमच्या पाटीचा फोटो नोटिशीला जोडला होता आणि ‘झटपट’भोवती लाल गोल.

मी तडक फलक खात्याच्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. “अहो, ते नाव आहे. आमच्या ह्यांचं.”

“झटपट?”

“लोक त्यांना झटपट म्हणायचे. फार हळू होते म्हणून.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी तीच होते.

“म्हणजे चिडवायचे?”

“आधी चिडवायचे. मग तेच नाव पडलं. ह्यांनीच हौसेनं पाटीवर घालून घेतलं.”

हे जाऊन तीन वर्षं झाली. आठ दिवसांत देतो म्हणायचे आणि आठवा महिना उजाडायचा. घड्याळ उघडून त्याच्याकडे असे बघत बसायचे, जणू आधी तेच काहीतरी बोलणार आहे. पाटीवरचा तेवढा एक शब्द त्यांचा. बाकीचे दोन कुणाच्याही पाटीवर असतात. तो पुसला की दुकान कुणाचंही.

“पाच जुन्या गिऱ्हाइकांचं लेखी आणा,” साहेब म्हणाले. “ते हळू होते म्हणून नाव पडलं, असं. जलद असतील तर मात्र ती जाहिरातच.”

“पाच कशाला, पाचशे आणते!”

शिंपीकाका, बेकरीवाले, निवृत्त मुख्याध्यापिका, औषधवाले आणि कुलपं दुरुस्त करणारे मामा. प्रत्येकानं ‘लिहितो की वहिनी’ म्हणून पाकीट चिकटवून दिलं. मी तशीच नेऊन दिली, तिथेच चुकलं. साहेब एकेक फोडून वाचायला लागले.

“‘ते अत्यंत तत्पर होते.’ हे बेकरीवाले. ‘वक्तशीरपणाचा आदर्श.’ मुख्याध्यापिका. ‘कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाही.’ शिंपी.”

ज्या शिंपीकाकांनी अख्खं एक वर्ष रोज दारात येऊन ‘आज तरी?’ विचारलं, ते!

मी तशीच काकांच्या मशीनसमोर. “काका, हे काय लिहिलंत?”

“गेलेल्या माणसाबद्दल वाईट कसं लिहू, वहिनी? तेही सरकारी कागदावर?”

“पण मीच सांगितलं होतं ना वाईट लिहा म्हणून!”

“तुम्ही सांगितलंत हो. पेन हातात घेतल्यावर लिहवेना.”

बेकरीवाल्यांनी तर कमालच केली. “खरं सांगू? माझं घड्याळ त्यांनी एकदा तासाभरात दिलं होतं.” आता हे खरं की आताच सुचलेलं, काही कळेना. तीस वर्षं संसार केलेल्या माणसाबद्दल मला बेकरीत उभं राहून शंका यायला लागली.

घरी लेकीनं भर घातली. “आई, मी सेल अर्ध्या मिनिटात बदलते. म्हणजे पाटी आता खरीच आहे. मग ती जाहिरातच झाली की.”

“तू कुणाच्या बाजूनं आहेस?”

“तेच कळेनासं झालंय.”

सुनावणीच्या दिवशी साहेबांनी पाचही कागद बाजूला सारले. माणूस वाईट नव्हता. “तुम्ही पत्नी. तुमचा जबाब धरता येतो. एकच सांगा, ते हळू होते का? हो म्हणालात तर मी ‘नाव’ लिहितो आणि विषय मिटला.”

एका अक्षराचं काम. मी तोंड उघडलं. शेजारच्या टेबलावरच्या दोन कारकुनांनी माना वर केल्या. ज्यांनी ह्यांना कधी पाहिलंही नव्हतं, अशी साहेबांसकट तीन अनोळखी माणसं ऐकायला बसली होती.

“छे हो,” मी म्हणाले. “वेळेचे अगदी पक्के.”

लेकीनं कपाळावर हात मारला, तो आवाजही आला. साहेबांनी पेन टेकवलं, उचललं, माझ्याकडे पाहिलं. त्यांनी ‘जाहिरात’ लिहिलं.

जिन्यात लेक म्हणाली, “आई! घरी तर आयुष्यभर त्यांच्या नावानं खडे फोडलेस!”

“घरी गं.”

“मग आता काय झालं?”

“मला काय माहीत?” खरंच माहीत नव्हतं. हसू येत होतं आणि नाक पुसावं लागत होतं, दोन्ही एकदम.

सोमवारी पेंटर आला. शिडी लावली, पांढऱ्या रंगाचा डबा वर अडकवला. “चारच अक्षरं वहिनी, पाच मिनिटांत उडवतो.”

मी शिडी धरली. “सावकाश होऊ द्या,” म्हटलं. “घाई कुणाला आहे?”