देवीला दिलेलं मीठ

आमच्या घरात कोणी मिठाचा खडा तोंडात टाकला तर त्याकडे कोणी बघत नसे. माझे वडील केसरीनाथ खाडीवरच्या मिठागरात मुकादम होते. पडवीत पोती असायची आणि आई येता-जाता खडा उचलायची. ती काळवंडत चालली होती तेही कोणाच्या ध्यानात आलं नाही. मिठागरावर सगळेच काळे होतात. मग वजन उतरलं, उठताना अंधारी येऊ लागली. भिवंडीतल्या दोन डॉक्टरांनी टॉनिक दिलं.

१९७३च्या दिवाळीनंतर मी तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी तिचे तळहात पाहिले. रेघा शाईने आखल्यासारख्या काळ्या होत्या. मग म्हणाले, "आ करा, मावशी." हिरड्यांवर निळसर काळे डाग होते.

"उन्हाने काळी झाली म्हणता," ते मला म्हणाले, "तोंडात कुठलं ऊन?"

उभं केलं की तिचा रक्तदाब उतरत होता. रक्तात मीठ कमी निघालं. इंजेक्शनं देऊन दिवसदिवसाची लघवी बरणीत साठवली, तपासली. एक्सरेत मूत्रपिंडांच्या माथ्यावर पांढरे ठिपके दिसले. कधीतरी होऊन गेलेल्या क्षयाने तिथल्या दोन लहान ग्रंथी खाऊन टाकल्या होत्या. आजाराचं नाव ॲडिसन.

"त्या ग्रंथींचा रस आता गोळीतून द्यायचा," डॉक्टर म्हणाले. "रोज, जन्मभर. ताप आला तर दुप्पट. उलटी होऊन गोळी पडली तर वाट बघायची नाही, लगेच इंजेक्शन. ही चिठ्ठी कायम जवळ ठेवा. शरीरात मीठ धरून ठेवणारी आणखी एक गोळी असते, पण ती इथे मिळत नाही. तेव्हा मीठ भरपूर खाऊ द्या."

गोळ्यांचं सगळं मी आईला तीन-तीनदा समजावलं, तिच्याकडून वदवून घेतलं. मिठाचं बोलले नाही. जी खातेच, तिला काय सांगायचं?

दोन महिन्यांत ती पुन्हा पाणी भरू लागली. मी नारपोलीच्या शाळेत शिकवत असे, राहायलाही तिथेच. एक रविवार सोडून गावी जायचे. "मास्तरीनबाय, तुझ्या गोळीनं मी पोर झाले," ती म्हणायची.

मार्चमधल्या एका रविवारी ती चुलीपासून उठताना भिंतीला धरून थांबली. मग स्वतःचं कालवण वेगळ्या वाडग्यात घेतलं. मी त्यात बोट बुडवून चाखलं.

"आये, मीठ विसरलीस?"

"मिठागराच्या घरात मीठ विसरतं का कोन?" ती हसली. "मी नि आक्का वज्रेश्वरीला गेलो होतो. बरी झाले ना मी! आक्का बोलली, देवीला आवडीचं कायतरी सोडावं. मना दुसरं काय आवडतं गो?"

आक्का म्हणजे तिची थोरली बहीण.

"कधीपासून?"

"आज बारा दिस."

मी भराभर सांगू लागले: तुझ्या अंगात मीठ टिकत नाही, ती जिभेची आवड नव्हतीच, आजारच मागत होता.

"मंग हे आदी का न्हाय बोललीस?"

मी चिमूट तिच्या तोंडाशी नेली. तिने ओठ घट्ट मिटले, मान फिरवली. "देवीला दिलेलं परत घेऊ? उद्या तुलाच काय झालं म्हंजे?"

बोलता बोलता ती ओकली.

"गोळी घेतलीस ना सकाळी?"

"घेतली. तवा बी वांती झाली. पडली गोळी."

सकाळपासून पाच तास गेले होते. बाबांनी मिठागरावर भरत असलेला ट्रक आणला. चालकाशेजारी आई माझ्या अंगावर रेलून बसली. मी तिची नाडी धरली होती. ती सापडायची, हरवायची. भिवंडीच्या वेशीवर यंत्रमागांच्या सुताच्या हातगाड्यांनी रस्ता अडला होता. बाबा उतरून हात जोडत पुढे धावत होते. आई दोनदा म्हणाली, "हळू चालव, बाबा," तेव्हा ट्रक उभाच होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि काही न विचारता इंजेक्शन भरलं. शीर मिळायला वेळ लागला. बाटली लावली. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले.

"काय चढवलंय, बाय?"

'औषध' असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. खरं सांगितलं तर ती सुई उपटेल, याची भीती होती. पण एकदा न सांगून झालं होतं.

"मिठाचं पाणी."

ती बाटलीकडे बघत राहिली.

"तोंडातून न्हाय ना?"

"नाही."

"मंग देवी काय बोलायची न्हाय," असं म्हणून तिने डोळे मिटले.

बाटली अर्धी होईपर्यंत ती होती.

सुतकात आमच्याकडे दहा दिवस अळणी जेवतात. पहिल्या दिवशी आक्का वाढत होती. मिठाबद्दल तिला मी काहीच बोलले नव्हते; बाबांनी सांगितलं असावं. भात वाढून ती पडवीत गेली, मूठ भरून आली आणि माझ्या ताटाच्या कडेला मीठ ठेवलं. मग बाबांच्या. उरलेलं हातात धरून ती तशीच उभी राहिली.

"बस, आक्का," मी म्हणाले आणि तिच्यासाठी ताट घेतलं.